भांगातली गाणी

माझं अक्षर चांगलं आहे. आमच्या बँडमधल्या तिघांना माझ्याबद्दल एकमताने मान्य असलेली ही एकमेव गोष्ट. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, टाळीसुद्धा मी जरा उशिराच देतो. तरी मी 'आमचा बँड' असं म्हणतो आणि अजून मला कोणी हटकलेलं नाही.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. नमुन्याची बाटली आली की तिला चिठ्ठी लावायची, तपासायचं, वहीत नोंद करायची. वहीत शेवटचा रकाना असतो शेऱ्याचा. नमुन्यात काही खोट दिसली तर ती तिथे लिहायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळे स्वभावही तसाच झाला आहे. एडवणला घरी लोणच्याच्या बरणीवरही मी तारीख घालतो. आई म्हणते, सून आली की तिच्या कपाळावर चिठ्ठी डकवू नकोस म्हणजे मिळवली.

तर, यंदा या तिघांच्या सुरुवातीच्या गाण्यांचा एक संग्रह निघाला. चौदा गाणी, सगळी माझ्या फोनवर रेकॉर्ड केलेली, सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. आज हा बँड मुंबई-पुण्यात तिकीट लावून वाजवतो आणि कॉलेजातली पोरं त्यांच्याबरोबर गाणी म्हणतात. तरी मी सांगतो, आणि यात माझा स्वार्थ आहे हे मान्य करून सांगतो, की पुढे स्टुडिओत त्यांनी जे केलं त्याला या चौदा गाण्यांची सर नाही.

गाणारी कुंभवलीची. तेव्हा ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर तोंडाला मास्क, त्यामुळे सुट्टी झाली की तिला बोलायचं नसे, गायचंच असे. तिचा आवाज गोड नाही. बाजारात लांबून हाक मारणाऱ्या बाईचा असतो तसा आहे, मोकळा आणि थोडा खरखरीत. गिटारवाला बोईसरला वाढलेला. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून वेल्डर म्हणून आले आणि इथलेच झाले. तो स्वतः फिटर. मराठी त्याला सगळी समजते, बोलतो मात्र हिंदी. आणि तिसरा ड्रमर, नवापूरचा. त्याचे वडील तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. मुलगाही त्याच बोटीवर.

गाणी ती दोघं करत. गाणारी शब्द आणायची आणि गिटारवाला चाल. एक गाणं दुपारपाळीचं होतं. 'दुपारपाळी, दुपारपाळी, डबा थंड नि ऊन जाळी', असं सुरू व्हायचं. एक गाणं बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचं, आणि एक कारखान्याच्या बसमध्ये खिडकीची जागा धरणाऱ्या माणसाचं. आमच्याकडच्या गोष्टींवर गाणं होऊ शकतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. माझा समज असा, की गाणं म्हटलं की चंद्र पाहिजे, गेलाबाजार एखादा मोगरा तरी पाहिजे. पहिल्यांदा दुपारपाळीचं गाणं ऐकलं तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो आणि डबा खरोखर थंड होता. मी जेवायचं विसरलो.

अडचण जागेची होती. पहिल्यांदा कुंभवलीला गाणारीच्या खोलीत बसून पाहिलं. पण त्या चाळीत निम्मी माणसं रातपाळी करून दिवसा झोपलेली असत. तिसऱ्या दिवशी शेजारचा एक जण दारात आला. ओरडला नाही, काही नाही. लाल डोळ्यांनी नुसता उभा राहिला. गिटारवाला म्हणाला, "भैया, माफ करना," आणि गिटार खोळीत घातली. तेव्हा ड्रमर म्हणाला, "आमची जाल्यांची खोली हाय. बाबाला इचारतो."

ती खोली नवापूरला, किनाऱ्यालगत. पत्र्याचं छप्पर, आत जाळी, दोर, जाळ्यांचे तरंगते बोये. बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. आम्हा तिघांना बोलावून घेतलं, प्रत्येकाला गाव विचारलं, काम विचारलं. मी एडवणचा, बागायतवाल्यांचा, हे कळल्यावर "मंग तुला पोवता येत नसंल," एवढंच म्हणाले. ते खरं होतं. मग त्यांनी निकाल दिला. "उदान बोटीचा. भांग तुमचा."

बस. यापुढे चर्चा नाही.

शाळेत भूगोलात आपण सगळ्यांनीच हे वाचलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. नवापूरची बोट डोल जाळ्यावर चालते. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात बांधून ठेवायचं आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपसूक आत यायची. उधाणात ओढ असते म्हणून मासळी असते. भांगात पाणी मंद, त्यामुळे डोल रिकामी आणि बोट किनाऱ्याला. आमच्या घरी भांग ओळखायचा तो ताटावरून. ताटात वालाचं बिरडं आलं की समजायचं, भांग आहे. म्हणजे कोळ्यांना सुट्टी आणि आम्हाला वाल, असा माझा लहानपणापासूनचा हिशोब.

त्यामुळे बँडचं पंचांग ठरलं. दर पंधरवड्यात चार-पाच दिवस, ज्याची पाळी जशी सुटेल तसा तो नवापूरला येणार. मी चिठ्ठ्या लिहायचो त्याही तशाच. 'मार्गशीर्ष, पहिला भांग, गाणं दुसरं.' 'पौष, दुसरा भांग, गाणं पहिलं, पुन्हा.' तारीख घालायला माझा हात शिवशिवायचा, पण ड्रमरला तारखा कळत नसत. "कंची तारीक? ता सांगू नुको. कंचा भांग?" असं तो विचारायचा. मग मीही तारीख सोडली.

ड्रमचा संच म्हणजे काय होतं? मासळीचे प्लास्टिकचे दोन क्रेट उपडे, बर्फाची थर्माकोलची पेटी, एक खरा ड्रम आणि एक झांज. शेवटच्या दोन वस्तू गिटारवाल्याने कुठूनशा जुन्या आणल्या होत्या. फोन खाली ठेवला की सगळं थरथरायचं, म्हणून मी तो एका फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात घालून वाशाला टांगायचो. भिंतीभर डोल टांगलेली. त्या जाळ्यांमध्ये आवाज असा काही मुरायचा की पुढे मोठ्या स्टुडिओतल्या लोकांनी विचारलं, खोलीला आतून लावलं काय होतं?

त्या मुलाचं वाजवणं मी कसं सांगू? त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मात्रा, आवर्तन, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण तो बसला की ताल जागचा हलायचा नाही. गाणारी पुढे धावायची, गिटारवाला भान हरपून भलतीकडे जायचा आणि हा मान खाली घालून आपल्या थर्माकोलच्या पेटीवर ठाम. ती दोघं भटकून परत यायची तेव्हा हा तिथेच असायचा. मी आयुष्यात पुष्कळ तराजू पाहिले आहेत, चांगले, महागडे, काचेच्या पेटीत ठेवायचे तराजू. इतका भरवशाचा एकही नाही.

फक्त एक कटकट होती. आम्ही आत बसलो की बाहेर बाबा काहीतरी ठोकत असायचे. ठक्, ठक्, ठक्. दुपारभर. मी दोनदा ड्रमरला म्हटलंही, "काकांना जरा अर्धा तास थांबायला सांगतोस का?" तो म्हणाला, "नुको. ऱ्हाऊ दे." मला वाटलं, पोरगा बापाला घाबरतो. मी गाण्यांसाठीही प्रयोगशाळेसारखीच वही ठेवली होती, तिच्यात मुकाट्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'बाहेर ठोकाठोक. दोष.' चौदा नोंदींपैकी अकरांपुढे हा शेरा आहे, आणि तो माझ्या चांगल्या अक्षरात आहे.

तीन-चार वर्षं असं चाललं. मग बाबांची कंबर गेली. दोर ओढताना काहीतरी लचकलं ते लचकलंच. बोट मुलाकडे आली, आणि बोट ज्याच्याकडे येते त्याला भांग आणि उधाण दोन्ही तिचेच. एका भांगात तो आला नाही, दुसऱ्या भांगात आला तो सांगायलाच आला. गाणारी रडली. तो म्हणाला, "रडते कशाला? बोट हाय, मी हाय, खोली हाय. वाजवा." पण ती खोली त्याच्याशिवाय नको वाटली. दोघांनी पुढे दुसरा ड्रमर घेतला, शहरातला, शिकलेला, गुणी मुलगा आहे. नाव झालं ते त्यानंतर.

म्हणून या संग्रहाची बातमी आली तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद झाला तो त्याच्यासाठी. त्याचं वाजवणं या चौदा गाण्यांतच आहे. दुसरीकडे कुठे एक ठोकाही नाही. त्याची मुलगी आता शाळेत जाते आणि तिला वाटतं, आपला बाप मासे पकडतो एवढंच.

संग्रहाचं काम एका ताईंकडे होतं. शहरातल्या, कामसू, गाण्याचा कान असलेल्या. गाणी मी पाठवली, वहीच्या पानांचे फोटोही पाठवले. गाण्याबरोबर जो मजकूर छापायचा त्यासाठी त्यांनी मला फोन केला. मी कारखान्याच्या गेटबाहेर उभा होतो. टँकरांची रांग लागलेली, एक हॉर्न थांबेपर्यंत दुसरा सुरू.

"चिठ्ठ्यांवर सगळीकडे भांग लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही सगळी गाणी भांगेतलीच का?"

निदान आता मला वाटतं की त्या 'भांगेतली' म्हणाल्या असणार. मला 'भांगातली' ऐकू आलं. एका मात्रेचा फरक टँकरच्या हॉर्नमध्ये कोणाला कळणार?

"सगळी," मी म्हणालो. "भांग असल्याशिवाय ते बसायचेच नाहीत."

"अच्छा. आणि घरच्यांना माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? ड्रमरच्या वडिलांनीच तर दिला भांग. एका शब्दात. फार मोठ्या मनाचा माणूस."

"आणि एकदा बसले की किती वेळ?"

"चार-पाच दिवस. दर पंधरवड्याला."

"सलग?"

"सलग," मी अभिमानाने म्हणालो.

मग त्यांनी खोलीबद्दल विचारलं. मी सांगितलं, भिंतीभर डोल टांगलेली होती, त्यामुळे आवाज बसायचा. त्यांनी लिहून घेतलं. आमच्याकडचे लोक ह गाळून 'आम्ही'चं 'आमी' करतात आणि 'तुम्ही'चं 'तुमी', हे त्यांनी गाणारीच्या बोलण्यात हेरलं होतं. त्यामुळे मी 'डोल' म्हटलं ते त्यांनी मोठ्या समजूतदारपणे दुरुस्त करून 'ढोल' लिहिलं.

आठ दिवसांनी मजकुराचा कच्चा खर्डा आला आणि त्याबरोबर सफाई केलेलं एक गाणं. खर्ड्यात तिसऱ्या ओळीपासून असं होतं: 'किनाऱ्यावरच्या एका खोलीत, भिंतींवर टांगलेल्या ढोलांच्या साक्षीने, भांगेच्या तारेत चार-चार दिवस बुडून या तिघांनी ही गाणी रचली. ड्रमरच्या उदार वडिलांनीच ही भांग त्यांना पुरवली.' खाली ताईंची टीप होती, की वहीत नोंदवलेला दोष, म्हणजे मागची ठोकाठोक, प्रयत्नपूर्वक काढून टाकली आहे. मी सुरुवातीच्या दोन ओळी वाचल्या, टीप वाचली, ताईंना लिहिलं, 'फार छान, मनापासून आभार,' आणि खर्डा ड्रमरला पाठवून दिला. लोणच्याच्या बरणीवर तारीख घालणारा माणूस मी, आणि इथे मधला मजकूर न वाचता पुढे ढकलला.

ड्रमर समुद्रात होता. फोन घरी होता. त्याच्या बायकोने कौतुकाने सासऱ्यांसमोर बसून मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. "माजी गानी काढून टाका," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"बाबा कालपास्ना बोलला नाय. चालीस वरसा बोटीव थेंब चढू दिला नाय त्याने. खलाशी पिऊन आला तर किनाऱ्याव उतरवून द्यायचा. आन आता जगाला सांगतात, त्याने पोराला भांग पाजली."

मी समजावलं, चूक माझी आहे, ऐकण्यातली आहे, दुरुस्त होईल. त्याने ऐकून घेतलं. मग शांतपणे पुन्हा म्हणाला, "माजी गानी काढा." रागावला असता तर बरं झालं असतं. त्याची गाणी काढली की चौदापैकी चौदा जात होती. गाणारीने मला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, "तो नाय तर अल्बम नाय. मी ताईंना सांगते." छपाईला एक आठवडा होता.

रविवारी सकाळी मी वही घेऊन नवापूरला गेलो. वही का घेतली ते मलाही नीट माहीत नाही. पुरावा म्हणून असेल. गुन्हेगाराने स्वतःच मुद्देमाल घेऊन जावं, तसं.

भांग होता. बोट किनाऱ्यावर चढवलेली, बांबूंच्या मांडवावर बोंबील. बाबा त्याच खोलीच्या सावलीत खुर्चीवर बसून जाळं शिवत होते. त्यांनी मान वर करून मला पाहिलं आणि परत सुई चालवायला लागले. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. गेट, टँकर, हॉर्न, भांगेतली, भांगातली. सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणालो.

"वाच," ते म्हणाले.

"काय?"

"ता लिवलाय ता. पुना वाच."

मी वाचलं. ढोलांपाशी आलो तेव्हा त्यांची सुई थांबली. "ढोल?" मी 'डोल'चं 'ढोल' कसं झालं ते सांगितलं. ते खोलीच्या भिंतीकडे पाहायला लागले, जाळ्यांकडे, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसताना त्यांचा आवाज येत नाही. पुष्कळ वेळ हसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई शेरातली. तिला काय म्हाईत. तिच्याव राग नाय."

माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की मी जास्त बोलतो. "आता मीच लिहून देतो तिला," मी म्हणालो. "स्पष्ट लिहितो. भांग म्हणजे उधाण नसतं ते दिवस, कोळ्यांची सुट्टी."

"कोनाची सुट्टी?"

"तुमची. म्हणजे बोट किनाऱ्याला असते ना."

त्यांनी जाळं मांडीवरून बाजूला केलं. रागावले नव्हते. लहान मुलाला समजावतात तसं सांगायला लागले. उधाणात नुसती मासळी काढायची, बाकी काही करायला उसंत नसते. फाटलेलं जाळं, तुटलेला दोर, गळणारी फळी, सगळं राहतं ते भांगावर. त्यांची तेव्हाची बोट जुनी, लाकडी. दर भांगात कुठूनतरी पाणी घ्यायची. मग फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस भरायचा आणि छिन्नीवर लाकडी मोगरी मारून आत बसवायचा. दोन माणसांचं काम. "उदानात मासली," ते म्हणाले. "भांगात बाकीचा सगला."

"मग तेव्हा तुमचा मुलगा तर आमच्यात असायचा," मी म्हणालो. "दुसरं माणूस कोण?"

"मी होतो ना, एकटा," ते म्हणाले.

मी खाली वाळूवर बसलो. मी मनातल्या मनात ताईंना हसलो होतो. त्या एका मात्रेने चुकल्या, आणि तीही मीच हॉर्नमध्ये नीट ऐकली नाही. मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मलो आणि इतकी वर्षं भांग म्हणजे वालाचं बिरडं समजलो. 'भांग तुमचा' असं हा माणूस म्हणाला होता तेव्हा तो आम्हाला काय देत होता हे आम्ही चौघांनी, चुकलो, तिघांनी कधी विचारलंच नाही. चौथ्याला माहीत होतं. मला फार लाज वाटली.

तेवढ्यात चौथा आला. हातात बर्फाची पिशवी, चेहरा तसाच. बाबांनी त्याला थोडक्यात सांगितलं. बाई चुकली, हा पण चुकला, झाला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तरी माजी गानी नुको. किती दुरुस्त केला तरी कुटं तरी ऱ्हातंच."

मला दुसरं काही सुचेना. मी फोन काढला आणि ताईंनी पाठवलेलं साफ केलेलं गाणं लावलं. निदान ऐक तरी, म्हणालो, किती सुंदर झालंय. दुपारपाळीचंच गाणं होतं. गाणारीचा आवाज असा आला की जणू ती त्या बांबूच्या मांडवामागे उभी आहे. मी दोघांकडे पाहत होतो. ड्रमरची बोटं बर्फाच्या पिशवीवर हलायला लागली. मग अडखळली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडखळली.

"बाबा कुटं हाय?" तो म्हणाला.

मी चक्रावलो. बाबा समोरच बसले होते.

"यात," तो फोनकडे बोट करून म्हणाला. "यात बाबा कुटं हाय?"

मला कळायला वेळ लागला. टाळी मी उशिरा देतो ती अशी. मग वही उघडायचीही गरज उरली नाही. ठक्, ठक्, ठक्. ताईंनी प्रयत्नपूर्वक काढून टाकलेला आणि मी मनापासून आभार मानलेला दोष.

"मला मोजता कुटं येतंय," तो म्हणाला. "मी बाबाच्या ठोक्याव वाजवायचो. तो बाहेर ठोकायचा, मी आत."

बाबांच्या हातात सुई तशीच होती. ते मुलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी समजायचो, मीच तुज्या ठोक्याव ठोकतंय." आणि जाळं परत मांडीवर घेत, "काम हलका व्हायचा."

बर्फ वितळून पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मग ड्रमर उठला, बर्फ घरात ठेवून आला आणि मला म्हणाला, "ता परत घालतील तर माजी गानी ठेवा."

मी तिथूनच ताईंना फोन केला. या वेळी हॉर्न नव्हते. भांग, डोल, मोगरी, सगळं सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. त्या भांगेपाशी इतक्या ओशाळल्या की मलाच वाईट वाटलं. पण मोगरीचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मूळ गाणी तशीच आहेत माझ्याकडे. सफाई केलेली एकही वापरणार नाही." ती ठोकाठोक काढायला त्यांचे कितीतरी दिवस गेले होते. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या मनात त्यांच्याबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. वादकांच्या यादीत त्यांनी बाबांचं नाव चौथं घातलं आणि पुढे वाद्य लिहिलं, मोगरी. बाबांची त्यावर एकच तक्रार आहे, की बोटीचं नाव लिहिलं नाही.

फोन झाल्यावर मी वही उघडली. प्रयोगशाळेत नोंद चुकली तर खाडाखोड करायची नसते. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे अशी. वर बरोबर शब्द लिहायचा, सही करायची. आणि दुसऱ्या कोणीतरी तपासून शेजारी सही करायची. त्याशिवाय दुरुस्ती धरत नाहीत. मी अकराही ठिकाणी 'दोष' या शब्दावर रेघ मारली आणि वर 'वडील' लिहिलं. 'बाहेर ठोकाठोक. वडील.' सह्या केल्या आणि वही बाबांपुढे धरली.

"कशाची सही?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तपासलंत, बरोबर आहे, याची."

त्यांनी चष्मा मागवला. एकेक ओळ बोटाने वाचली आणि एकेक सही केली, सावकाश, अकरा वेळा. मग पान उलटून मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"ही तीन?"

"त्या दिवशी आवाज नव्हता काका. त्या दिवशी तुम्ही ठोकत नव्हतात."

"नाय," ते म्हणाले. "त्या दिशी जाला शिवत होतो. सुईचा आवाज येत नाय."

त्या तीन ओळींपुढे शेऱ्याचा रकाना कोराच होता. त्यांनी त्या कोऱ्या जागेत सह्या केल्या आणि वही मला परत दिली.